लॉर्ड बेकन ह्याचा अधिकारभ्रंश

फ्रान्सिस बेकन ह्याचा जन्म इ. स. १५६१ साली लंडन शहरी झाला. ग्रेज इन ह्या वकिलांच्या संस्थेत कायद्याचे अध्ययन करून तो वकील झाला व चढत चढत १६१८ साली लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे इंग्लंडातील श्रेष्ठ न्यायाधिकारी झाला.

परंतु १६२१ साली दोघा पक्षकारांनी पार्लमेंटपुढे गाऱ्हाणे नेले. दावा चालू असता एकाने त्यास १०० व दुसऱ्याने ४०० पौंड दिले होते. तरी निकाल दोघांच्याही विरुद्ध गेला. चौकशीत आणखी प्रकार उघडकीस येऊन आरोपांची संख्या २८ झाली. पैशापायी आपण न्याय फिरविला नाही, असे बेकनचे म्हणणे होते. ते खरे असेलही. परंतु ज्या न्यायाधीशाने पक्षकाराचा पैसा घेतला, त्याच्या योग्य निकालावरही कोण विश्वास ठेवील?

अखेर त्याने दोष कबूल केला. उमरावांच्या सभेने त्यास ४०,००० पौंड दंड व कैद सांगून सरकारी अधिकारास कायमचे अपात्र ठरविले. पुढे राजाने दंड माफ केला; कैदही थोड्याच दिवसांत सुटली. न्यायासन मात्र पुन्हा लाभले नाही. उरलेला काळ ग्रंथलेखनात घालवून तो १६२६ साली मरण पावला.

वाचकहो, त्याची विद्वत्ता आजही मान्य आहे. परंतु तिने त्याचा हा डाग पुसला नाही.