ब्रूस ली : चुळबुळ्या मुलापासून ‘एन्टर द ड्रॅगन’पर्यंत

‘एन्टर द ड्रॅगन’ हे नाव तुम्ही नक्कीच ऐकलं असेल. त्यातली आरशांच्या खोलीतली लढाई पाहणारा विसरत नाही. ती लढणारा ब्रूस ली लहानपणी कसा होता, हे मुलांना जरूर सांगा.

ब्रूस लीचा जन्म २७ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. वडील हाँगकाँगचे नाट्यकलावंत होते. ते दौऱ्यावर असताना हा मुलगा जन्मला. वाढला मात्र हाँगकाँगमध्ये. भारी चुळबुळ्या! अभ्यासात लक्ष नाही, रस्त्यावर सतत मारामाऱ्या. तेराव्या-चौदाव्या वर्षाच्या सुमारास तो इप मान या गुरूंकडे ‘विंग चुन’ शिकू लागला. त्याला नाचाचीही आवड होती. १९५८ मध्ये त्याने चा-चा नृत्याची स्पर्धा जिंकली.

तरी भांडणं थांबेनात, म्हणून १९५९ मध्ये आईवडिलांनी त्याला अमेरिकेला पाठवलं. सिएटलमध्ये हॉटेलात काम करत तो शिकला. कुंग फूचे वर्गही घेऊ लागला. चिनी असो वा नसो, शिकायला येईल त्याला तो शिकवायचा.

१९७० मध्ये व्यायाम करताना त्याच्या पाठीला गंभीर दुखापत झाली. पुन्हा पूर्वीसारखी लाथ मारणं जमणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. कित्येक महिने अंथरुणावर गेले. त्या दिवसांत त्याने भरपूर वाचलं, वह्याच्या वह्या लिहून काढल्या आणि हळूहळू उभा राहिला.

हॉलिवूड त्याला नायक करायला तयार नव्हतं. तो हाँगकाँगला परतला. तिथले त्याचे चित्रपट तुफान चालले, तेव्हा कुठे वॉर्नर ब्रदर्सने ‘एन्टर द ड्रॅगन’ हाती घेतला. १९७३ च्या सुरुवातीला चित्रीकरण झालं. सगळ्या लढती ब्रूसनेच बसवल्या. एका दृश्यात खऱ्या काचेच्या बाटलीने त्याचा हात कापला. बरा होताच तो परत कामाला लागला.

पण २० जुलै १९७३ रोजी मेंदूला सूज येऊन तो गेला. वय अवघं ३२. पुढच्याच महिन्यात चित्रपट अमेरिकेत झळकला आणि जगभर कुंग फूचं वेड पसरलं. ते यश त्याला पाहता आलं नाही.

तुमच्याही वर्गात किंवा घरात असा एखादा चुळबुळ्या असेलच. त्याला नुसतं गप्प बसवू नका. त्या हातापायांना काम द्या, शिस्त लावणारा गुरू द्या. ब्रूसला तो वेळेत भेटला.