डॉ. रखमाबाई : खटल्यानंतरचे आयुष्य

रखमाबाई हे नाव निघाले की प्रथम आठवतो तो दादाजी भिकाजी यांनी त्यांच्यावर लावलेला दावा. त्या दाव्याची चर्चा इतकी झाली की, पुढे याच बाईंनी सुमारे पस्तीस वर्षे डॉक्टर म्हणून काम केले, ही गोष्ट मागे पडली. न्यायालयातील चार वर्षे हा त्यांच्या आयुष्याचा अल्प भाग होता. त्यांचे खरे जीवितकार्य त्यानंतर सुरू झाले.

२२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत त्यांचा जन्म झाला. आई जयंतीबाई सतराव्या वर्षीच विधवा झाल्या. सुतार समाजात विधवाविवाहास मनाई नसल्याने काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी विवाह केला. सखाराम अर्जुन हे वैद्यक आणि वनस्पतिशास्त्र या दोन्हींत नावाजलेले गृहस्थ. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांपैकी ते एक. औषधे, वनस्पती आणि पुस्तके यांच्या सहवासात रखमाबाई वाढल्या. वैद्यकाची ओळख त्यांना शाळेच्या आधी घरात झाली.

अकराव्या वर्षी त्यांचे लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजींशी लागले आणि शाळा सुटली. मात्र एवढ्या लहान वयात मुलीला संसाराला लावण्यास सखाराम अर्जुन यांनी नकार दिला. रखमाबाई माहेरीच राहिल्या. मिशनच्या ग्रंथालयातून पुस्तके आणवून त्यांनी घरच्या घरी इंग्रजी पक्के केले. प्रार्थना समाजाच्या आणि आर्य महिला समाजाच्या सभांना त्या आईबरोबर जात. ज्या इंग्रजीच्या बळावर पुढे लंडनला वैद्यक शिकता आले, ते असे एकलव्याच्या वाटेने कमावलेले होते.

१८८४ मध्ये दादाजींनी पत्नीने नांदावयास यावे म्हणून मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. पुढच्याच वर्षी सखाराम अर्जुन निवर्तले आणि घराचा आधार गेला. त्याच वर्षी टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात लिहिलेल्या पत्रांत रखमाबाईंनी बालविवाहाचे दुष्परिणाम मांडले. मुलीचे शिक्षण त्यामुळे कसे खुंटते, हा त्यातील त्यांच्या जिव्हाळ्याचा मुद्दा होता. सप्टेंबर १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी दावा फेटाळला. अपिलात तो निकाल टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी, पतीकडे जावे अन्यथा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा आदेश दिला. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दर्शविली. बेहरामजी मलबारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. टिळकांनी मात्र या प्रकरणात त्यांच्याविरुद्ध भूमिका घेतली.

याच्या सहाच दिवस आधी, २६ फेब्रुवारीला, फिलाडेल्फियाहून पदवी घेऊन आलेल्या डॉ. आनंदीबाई जोशी पुण्यात निधन पावल्या होत्या. वयाने दोघी जवळजवळ बरोबरीच्या. एकीचा प्रवास संपला होता, तर दुसरीचा सुरूही झाला नव्हता.

१८८८ मध्ये दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी हक्क सोडला आणि प्रकरण मिटले. त्या वेळी रखमाबाई तेवीस वर्षांच्या होत्या. औपचारिक शिक्षण लहानपणीच तुटलेले आणि नाव देशभर गाजलेले, अशा स्थितीत त्यांनी डॉक्टर होण्याचे ठरविले. मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या प्रमुख डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना उत्तेजन दिले. स्त्रियांना वैद्यकाची दारे उघडावीत म्हणून एडिनबरोत झगडलेल्या सातजणींपैकी पीची या एक. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांसाठी स्त्री डॉक्टर हव्यात, ही गरज कामा रुग्णालयाच्या रूपाने मुंबईत डोळ्यांसमोर उभी होती. प्रवासासाठी आणि शिक्षणासाठी निधी जमला आणि १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला निघाल्या.

लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेन ही संस्था तेव्हा पंधरा वर्षांची होती आणि एलिझाबेथ गॅरेट अँडरसन तिच्या डीन होत्या. रुग्णांवरील प्रत्यक्ष शिक्षण रॉयल फ्री रुग्णालयात होई. अभ्यास लंडनला झाला तरी व्यवसायाचा परवाना त्यांनी स्कॉटलंडच्या वैद्यकीय संस्थांची परीक्षा देऊन मिळविला आणि एम.डी. ब्रुसेल्सहून घेतली. १८९४ मध्ये ही सारी सिद्धता पूर्ण झाली.

इंग्लंडमध्ये त्यांना स्नेही होते, नाव होते. तरीही त्या परतल्या. सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात त्यांनी दोन दशकांहून अधिक काळ काम केले आणि त्यानंतर राजकोटच्या जनाना रुग्णालयाची धुरा १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत वाहिली. प्रसूतीसाठी रुग्णालयात येण्यास कचरणाऱ्या स्त्रियांचा विश्वास मिळविणे, हे तेथील रोजचे काम होते. सुधारणेच्या व्यासपीठांवर त्या फारशा दिसल्या नाहीत. पण पडद्याची प्रथा नाहीशी व्हावी, असे प्रतिपादन करणारे लेखन त्यांनी निवृत्तीच्या सुमारास प्रसिद्ध केले.

दादाजी १९०४ मध्ये वारले, तेव्हा रखमाबाईंनी विधवेचे पांढरे लुगडे नेसण्यास सुरुवात केली. ज्या विवाहाला नकार देण्यासाठी त्या तुरुंगात जाण्यास तयार होत्या, त्याच विवाहाचे वैधव्य त्यांनी पाळले. त्यांच्या चरित्रातील हा पेच सहज उलगडत नाही. पुनर्विवाह त्यांनी केला नाही.

२५ सप्टेंबर १९५५ रोजी, नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात हिंदू विवाह कायदा अमलात येऊन हिंदू स्त्रीला घटस्फोटाचा हक्क मिळाला होता. त्या हक्काची त्यांना आता गरज नव्हती. कायद्याने जे सत्तर वर्षांपूर्वी नाकारले होते, ते स्वतःचे आयुष्य त्यांनी केव्हाच उभे केले होते, आणि त्यातील सर्वांत मोठा वाटा सुरत-राजकोटच्या रुग्णालयांत, अनोळखी स्त्रियांच्या खाटांपाशी खर्च केला होता.