श्रीमंत सयाजीराव महाराज गायकवाड आणि बडोद्याचे कलाभवन

श्रीमंत सयाजीराव महाराजांचे नाव आपल्या समाजातील लहानथोरांस परिचित आहे. सक्तीचे प्राथमिक शिक्षण, ग्रंथालये व शिष्यवृत्त्या यांविषयी आपण नेहमी ऐकतो. कलाभवनाचा उल्लेख मात्र आपल्या मेळाव्यांत क्वचितच होतो, म्हणून हा अल्पसा लेख.

महाराजांचा जन्म 11 मार्च 1863 रोजी मालेगाव तालुक्यातील कवळाणे गावी एका शेतकरी कुटुंबात झाला. मूळ नाव गोपाळ. बाराव्या वर्षापर्यंत त्यांस अक्षरओळखही नव्हती. 1875 साली महाराणी जमनाबाईंनी त्यांस दत्तक घेतले व 1881 च्या डिसेंबरात राज्यकारभार पूर्णपणे त्यांच्या हाती आला.

1890 साली त्यांनी बडोद्यात कलाभवन स्थापिले. त्याची धुरा वाहणारे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे सुरतेच्या सुतार घराण्यातले, रसायनशास्त्राचे जाणकार. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला असे विषय तेथे शिकविले जात, आणि कारागिराच्या मुलास इंग्रजीची अडचण पडू नये म्हणून शिक्षणाची भाषा गुजराती ठेविली होती. खर्चाचा भार दरबारच्या तिजोरीवर. शिकणे म्हणजे कारकून होणे, अशी समजूत असलेल्या त्या काळी एका राजाने करवत आणि माग यांस विद्येचा मान दिला, ही गोष्ट मला त्यांच्या राजवाड्यांहून मोठी वाटते. पुढे 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट काढणारे दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले.

तथापि एक उणीव सांगितलीच पाहिजे. शिक्षण आधी आले, कारखाने मागाहून. शिकलेल्या प्रत्येकास त्याच्या कसबाचे काम मिळालेच असे नाही. 2024 साली महाराष्ट्र शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्यास दरमहा 6,000, आय.टी.आय. वा पदविकाधारकास 8,000 आणि पदवीधरास 10,000 रुपये विद्यावेतन ठरले. सहा महिन्यांची मुदत 2025 मध्ये अकरा महिने झाली. परंतु मुदत संपताच पुढे काय, हा प्रश्न आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील घरांतही आला. पैसा देणे सोपे, त्यापुढची जागा निर्माण करणे कठीण. बडोद्यासही ते पूर्णपणे साधले नव्हते.

दोष केवळ सरकारचा नाही. मी स्वतः शिक्षक असताना हाताने कुशल असलेल्या कित्येक मुलांस कॉलेजचीच वाट दाखविली. आय.टी.आय.चा अर्ज मागणाऱ्यास मी कमी लेखीत असे, हे आज लिहिताना संकोच वाटतो.

महाराज 6 फेब्रुवारी 1939 रोजी मुंबईस निवर्तले. कलाभवन पुढे 1949 साली स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विलीन झाले, आणि तेथे आजही अभियांत्रिकी शिकविली जाते.