वाऱ्याचा हिशोब मांडणारे अल-मसूदी

रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकतो. हिजरी वर्ष चंद्राचे असल्याने रोजे कधी कडक उन्हात येतात, कधी भर पावसात. समुद्रावरचा वारा मात्र चंद्राची तारीख पाळत नाही. हजार वर्षांपूर्वी ही गोष्ट ओळखून लिहून ठेवणारे एक विद्वान म्हणजे अबुल हसन अली अल-मसूदी.

बगदादमध्ये जन्मलेले मसूदी हे सहाबी हजरत अब्दुल्ला इब्न मसऊद यांच्या वंशातले. घरबसल्या मिळालेल्या इल्मवर त्यांचे समाधान झाले नाही. इराण, सिंध, खंबायत पाहत हिजरी 304 मध्ये, म्हणजे इ.स. 916-17 च्या सुमारास, ते कोकणातील चौलला पोहोचले. सिराफ, ओमान, बसऱ्याचे व्यापारी तेथे स्थायिक झाले होते. तो मुलूख राष्ट्रकूटांच्या सत्तेखाली होता. आजचा सातारा-सांगलीचा भागही त्याच राज्यात मोडत होता. सांगलीला मिळालेला गोविंद चौथा याचा 933 चा ताम्रपट प्रसिद्ध आहे.

या व्यापाऱ्यांचा जीव वाऱ्यावर टांगलेला असे. मसूदींनी झांजचा, म्हणजे पूर्व आफ्रिकेचा, समुद्र सिराफच्या दोन भावांच्या जहाजातून ओलांडला. पुढे ते दोघे भाऊ त्याच समुद्रात जहाजासह बुडाले. म्हणूनच ‘मुरूज-उज-जहब’ या ग्रंथात समुद्राचा हिशोब सूर्याच्या राशींवर मांडलेला दिसतो. सूर्य मीनेत आला की हिंदचा समुद्र खवळू लागतो आणि कन्येपर्यंत खवळलेला राहतो. धनू राशीत तो सर्वांत शांत असतो. इराणच्या आखाताचे नेमके उलटे. अरबांच्या ऐन उन्हाळ्यात हिंदमध्ये पाऊस असतो, हेही त्यांनी नोंदवले.

यामागचे कारण आज स्पष्ट झाले आहे. उन्हाळ्यात जमीन तापून हवेचा दाब घटतो आणि समुद्रावरचे बाष्प घेऊन नैर्ऋत्येचे वारे येतात. हिवाळ्यात ते ईशान्येकडून उलटे वाहतात. ठरलेल्या हंगामाला अरबीत मौसिम म्हणतात. मराठीतला मोसम त्यातूनच आला.

हेच वारे सह्याद्रीला धडकून महाबळेश्वरला वर्षाला 5,500 मिलिमीटरहून अधिक पाऊस देतात. घाट ओलांडून आटपाडी-जतला पोहोचेपर्यंत तो 500 च्या आसपास उरतो.

मसूदी 956 मध्ये इजिप्तमधील फुस्तात येथे निवर्तले. माण-खटावचा मुस्लिम शेतकरी आजही रोजा धरतो तो चंद्र पाहून. पेरणीसाठी मात्र तो शेजाऱ्याप्रमाणेच मृग-आर्द्राची, म्हणजे सूर्याच्या नक्षत्रांची, वाट पाहतो.