कोच जिंकवतो की खेळाडू? न्यूझीलंडला हरवणाऱ्या कार्विन जेम्स यांनी वेल्सचं कोचपद का नाकारलं

टीम हरली की पाच मिनिटांत ‘कोचला हाकला’ अशी मागणी सुरू होते. टीम जिंकली की मात्र फोटो कॅप्टनचा आणि स्टार खेळाडूंचा छापून येतो. कोच मैदानात उतरत नाही, बॉलला हात लावत नाही. मग हरल्याची जबाबदारी त्याची किती आणि जिंकल्याचं श्रेय किती?

रग्बीच्या जगात हा प्रश्न निघाला की एक नाव हमखास घेतलं जातं. कार्विन जेम्स. ज्या न्यूझीलंडला त्यांच्या घरात मालिकेत हरवणं अशक्य समजलं जायचं, तिथे जाऊन जिंकून आलेला कोच. आणि तरीही स्वतःच्या देशाचा, म्हणजे वेल्सचा कोच कधीच न झालेला माणूस.

खाणकामगाराचा मुलगा, भाषेचा मास्तर

कार्विन जेम्स यांचा जन्म २ नोव्हेंबर १९२९ चा. गाव केव्हनेथिन, वेल्सच्या कोळसा खाणींच्या पट्ट्यातलं. वडील खाणीत कामाला होते. घरात बोली वेल्श भाषेची. अॅबरिस्टविथच्या कॉलेजात त्यांनी वेल्श हाच विषय घेतला. पुढे सक्तीच्या लष्करी सेवेत ते नौदलात गेले आणि तिथे रशियन शिकले. परत आल्यावर लँडव्हरीच्या शाळेत वेल्श शिकवायला लागले आणि सोबत मुलांना रग्बीही.

स्वतः ते फ्लाय-हाफ खेळायचे. ही १० नंबरची जागा. बॉल पास करायचा, किक मारायची की घेऊन पळायचं, हे ठरवणारा खेळाडू इथे असतो. जेम्स यांच्याकडे कसब होतं, पण त्याच जागेवर त्या काळात क्लिफ मॉर्गन नावाचा दिग्गज होता. त्यामुळे वेल्सकडून त्यांना १९५८ मध्ये फक्त दोन सामने खेळायला मिळाले.

मतं मात्र पक्की होती. वेल्सला स्वतःचं सरकार हवं म्हणणाऱ्या प्लाइड कम्री पक्षाकडून त्यांनी १९७० ची निवडणूक लढवली आणि हरले. त्याच वर्षी वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेची टीम लानेली क्लबविरुद्ध खेळायला आली. जेम्स लानेलीचे कोच होते. त्यांनी टीमची पूर्ण तयारी करून घेतली, पण निषेध म्हणून सामना पाहिलाच नाही. ते ड्रेसिंग रूममध्ये बसून राहिले.

कोच ही तेव्हा नवीन गोष्ट होती

आज ऐकायला विचित्र वाटेल, पण वेल्सच्या राष्ट्रीय टीमला पहिला कोच मिळाला १९६७ साली. तोवर सगळा कारभार कॅप्टन आणि निवड समितीचा. कोच आल्यावरही टीम निवडण्याचं काम समितीकडेच राहिलं. पाच जणांच्या या समितीला वेल्समध्ये ‘बिग फाइव्ह’ म्हणायचे.

१९६९ मध्ये वेल्सची टीम न्यूझीलंडला गेली. टीममध्ये बॅरी जॉन, गॅरेथ एडवर्ड्स, जेपीआर विल्यम्स, जेराल्ड डेव्हिस, मर्विन डेव्हिस असे एकाहून एक खेळाडू होते. पहिली कसोटी ते ०-१९ ने हरले, दुसरी १२-३३ ने. दुसऱ्या कसोटीत न्यूझीलंडचा फुलबॅक फर्गी मॅकॉर्मिकने एकट्याने २४ पॉइंट्स काढले.

आता दोन वर्षं पुढे जाऊ.

१९७१ : लायन्सचा दौरा

इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि आयर्लंड या चौघांची मिळून जी टीम परदेश दौऱ्यावर जाते ती ब्रिटिश अँड आयरिश लायन्स. न्यूझीलंडमध्ये लायन्सने तोवर एकही कसोटी मालिका जिंकलेली नव्हती. १९६६ मध्ये तर चारही कसोट्या गमावल्या होत्या. १९७१ च्या दौऱ्यासाठी कोच म्हणून कार्विन जेम्स निवडले गेले. मॅनेजर होते डग स्मिथ आणि कॅप्टन जॉन डॉस.

जेम्स यांची पद्धत मास्तरची होती, पण छडी नसलेल्या मास्तरची. ते आधी ऐकायचे. स्क्रमबद्दल आपल्याला कमी कळतं हे ओळखून त्यांनी रे मॅकलॉफलिन या आयरिश खेळाडूकडून ते समजून घेतलं. बॅरी जॉन त्यांच्याच गावचा. त्याला सरावाचा कंटाळा आहे हे त्यांना माहीत होतं, म्हणून त्याच्या मागे लागले नाहीत. चार देशांच्या खेळाडूंना एका साच्यात बसवण्यापेक्षा ज्याची जी ताकद तिला मोकळीक द्यायची, हे त्यांचं सूत्र होतं.

पहिली कसोटी ड्यूनेडिनला. समोर तोच मॅकॉर्मिक. बॅरी जॉन दिवसभर त्याच्यापासून लांब, कोपऱ्यात किक मारत राहिला आणि मॅकॉर्मिक इकडून तिकडे पळत राहिला. लायन्स ९-३ ने जिंकले. मॅकॉर्मिक त्यानंतर न्यूझीलंडकडून पुन्हा कसोटी खेळला नाही.

दुसरी कसोटी लायन्स १२-२२ ने हरले. जेम्स यांच्या लक्षात आलं की सगळा त्रास सिड गोइंग या न्यूझीलंडच्या स्क्रम-हाफचा आहे. तिसऱ्या कसोटीत त्यांनी डेरेक क्विनेलला उतरवलं. क्विनेल तोवर वेल्सकडूनही खेळलेला नव्हता. काम एकच, गोइंगला अडवायचं. हाफटाइमलाच लायन्स १३-० ने पुढे होते आणि सामना त्यांनी १३-३ ने जिंकला. चौथी कसोटी १४-१४ अशी बरोबरीत सुटली आणि मालिका लायन्सची झाली. न्यूझीलंडमधले २४ पैकी २२ सामने त्यांनी जिंकले.

लायन्सला न्यूझीलंडमध्ये मालिका जिंकता आली ती तेवढी एकदाच. आजही.

मग सगळं श्रेय कोचचं?

इतकं सोपं नाही. एकट्या बॅरी जॉनने कसोट्यांतल्या लायन्सच्या ४८ पॉइंट्सपैकी ३० काढले. असा खेळाडू रोज मिळत नाही. न्यूझीलंडची टीमही तेव्हा बदलत होती. जुने खेळाडू गेले होते आणि तिसऱ्या कसोटीसाठी तर निवृत्त झालेल्या ब्रायन लोखोरला परत बोलवावं लागलं.

नशीबही होतं. पहिल्या कसोटीच्या आठवडाभर आधी कँटरबरीविरुद्धच्या राड्याच्या सामन्यात मॅकलॉफलिन आणि सँडी कारमायकल हे दोन्ही मुख्य प्रॉप जखमी होऊन दौऱ्याबाहेर गेले. मॅकलॉफलिनच्या जागी इयन मॅकलॉक्लन आला आणि पहिल्या कसोटीतला लायन्सचा एकमेव ट्राय त्यानेच केला. चौथ्या कसोटीत जेपीआर विल्यम्सने लांबून मारलेल्या ड्रॉप गोलने मालिका वाचली. असे क्षण कुठल्याच कोचच्या वहीत आधी लिहिलेले नसतात.

पण दुसरी बाजूही बघा. ३१ ऑक्टोबर १९७२ ला न्यूझीलंडची टीम लानेलीत आली आणि जेम्स यांच्या क्लबकडून ३-९ ने हरली. त्या दिवशी सामन्याआधी टीममध्ये जोश भरणारं भाषण कॅप्टन डेल्मी थॉमसने केलं. जेम्स यांनी ती जागा त्याला दिली होती. २७ जानेवारी १९७३ ला कार्डिफमध्ये बार्बेरियन्सने न्यूझीलंडला २३-११ ने हरवलं. त्या सामन्याआधी खेळाडूंशी बोलायला जेम्स यांना बोलावलं होतं. त्यांनी फिल बेनेटला बिनधास्त आपला नेहमीचा खेळ खेळायला सांगितलं. सुरुवातीलाच बेनेटच्या साइडस्टेपमधून निघालेला एडवर्ड्सचा ट्राय आजही व्हायरल होत असतो.

आणि या दोन सामन्यांच्या मधे, २ डिसेंबर १९७२ ला, वेल्सची राष्ट्रीय टीम त्याच न्यूझीलंडकडून १६-१९ ने हरली. वेल्सने न्यूझीलंडला शेवटचं हरवलं ते १९५३ मध्ये. सत्तरच्या दशकातल्या त्या सोनेरी पिढीलाही वेल्सच्या लाल जर्सीत ते जमलं नाही.

वेल्सने त्यांना घेतलं का नाही?

१९७४ मध्ये वेल्सचं कोचपद रिकामं होणार होतं. जेम्स यांचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. पण त्यांनी वेल्श रग्बी युनियनला पत्र लिहून माघार घेतली. त्यांचं म्हणणं साधं होतं. निकालाला कोच जबाबदार असेल, तर टीम निवडायचा अधिकारही त्याचा हवा. तो निवड समितीचा प्रमुख असावा आणि सोबतचे निवडकर्तेही त्याला निवडता यावेत. मैदानात कोणाला उतरवायचं ते दुसऱ्यांनी ठरवायचं आणि हरलं की जाब कोचने द्यायचा, हे त्यांना मान्य नव्हतं. क्विनेलला उतरवल्यावर काय होतं हे त्यांनी पाहिलेलं होतं.

बिग फाइव्हची पद्धत मोडायला युनियन तयार झाली नाही. कोचपद गेलं जॉन डॉस यांच्याकडे, म्हणजे जेम्स यांच्याच लायन्सच्या कॅप्टनकडे.

आणि वेल्स जिंकत राहिलं. १९७६ आणि १९७८ ला ग्रँड स्लॅम, १९७६ ते १९७९ सलग चार ट्रिपल क्राउन. युनियनला आपलं चुकलं असं वाटायचं काही कारणच उरलं नाही. उत्तम खेळाडू असले की युरोपात जिंकता येतं, हे त्या वर्षांनी दाखवलं. न्यूझीलंडला हरवायला मात्र आणखी काहीतरी लागतं, हेही दाखवलं.

जेम्स इटलीला गेले. रोव्हिगो क्लबला त्यांनी १९७९ मध्ये इटलीचं विजेतेपद मिळवून दिलं. परत येऊन वर्तमानपत्रांत आणि बीबीसीवर रग्बीबद्दल लिहीत-बोलत राहिले. त्यांनी लग्न केलं नव्हतं. त्वचेच्या आजाराने ते वर्षानुवर्षं हैराण होते. १० जानेवारी १९८३ ला अॅमस्टरडॅमच्या एका हॉटेलात त्यांचा मृत्यू झाला. वय ५३.

आज रग्बीतल्या बहुतेक राष्ट्रीय टीम कोचच निवडतो, आणि म्हणून हरल्यावर नोकरीही त्याचीच जाते. जेम्स यांनी १९७४ मध्ये मागितलं होतं ते एवढंच. भारतीय क्रिकेटमध्ये टीम निवडणारी समिती आजही वेगळी आणि कोच वेगळा. त्यामुळे पुढच्या पराभवानंतर ‘कोचला हाकला’ असं लिहिण्याआधी एक गोष्ट तपासून बघायला हरकत नाही. ही टीम निवडली कोणी होती?