नाव कमी झाल्यावर माणूस जातो कुठे?
(विल्यम बेव्हरिज यांचे जीवन)

— द्वितीय वर्ष, कला

माझे आबा मुंबईच्या एका कापड गिरणीत साचे चालवीत. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि त्यांतले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. आबांनी वर्षभर वाट पाहिली आणि मग ट्रंक घेऊन गावी आले. पुढे मस्टरवरून त्यांचे नाव कमी झाल्याचे एका सोबत्याकडून कळले. त्यानंतर आबांनी काय केले, हे गिरणीला कधी कळले नाही आणि सरकारलाही नाही. त्यांनी दुसऱ्याच्या रानात मजुरी केली, दोन हंगाम वीटभट्टीवर काढले, रोजगार हमीच्या पाझर तलावावर माती वाहिली. या सगळ्याची नोंद एकाच ठिकाणी आहे, ती म्हणजे आमच्या आजीच्या तोंडी.

आमच्या घरातली कॉलेजात आलेली मी पहिलीच. गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला बेकारीचे प्रकार शिकवताना सरांनी फळ्यावर विल्यम बेव्हरिज हे नाव लिहिले. परीक्षेपुरते नाव पाठ करून मी सोडून दिले असते. पण सर सहज बोलून गेले, की या गृहस्थांनी बेकारांना नुसती मदत दिली नाही, तर मदत संपल्यावर ती माणसे कुठे गेली याचीही चौकशी केली. मला एकदम आबा आठवले. मग ग्रंथालयात मिळेल ते वाचत गेले. त्यातून जे हाती लागले ते आपल्यापुढे ठेवते.

बेव्हरिज यांचा जन्म ५ मार्च १८७९ रोजी बंगालमधील रंगपूर येथे झाला. हे गाव आज बांगलादेशात आहे. वडील हेन्री हे सनदी नोकरीतले न्यायाधीश. अकबरनाम्याचे इंग्रजी भाषांतर त्यांनी केले. आई अ‍ॅनेट या लग्नापूर्वी मुलींच्या शिक्षणासाठी कलकत्त्यास आल्या होत्या. १८७३ मध्ये त्यांनी तेथे हिंदू महिला विद्यालय काढले आणि पुढे उतारवयात बाबरनाम्याचे भाषांतर केले. अशा विद्वान आणि सुखवस्तू घरातला हा मुलगा. शिक्षण इंग्लंडात झाले. ऑक्सफर्डच्या बॅलिओल कॉलेजात गणित आणि प्राचीन भाषा यांत त्यांनी पहिला वर्ग मिळवला. मुलाने वकिलीत नाव काढावे अशी वडिलांची इच्छा होती. बेकारी म्हणजे काय, याचा घरात कोणालाच अनुभव नव्हता.

परंतु १९०३ मध्ये हा तरुण वकिली सोडून लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल या संस्थेत राहायला गेला. विद्यापीठातल्या मुलांनी गरिबांच्या वस्तीत राहावे आणि त्यांचे जीवन जवळून पाहावे, अशी त्या संस्थेची कल्पना होती. वडील नाराज झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षी बेव्हरिज तेथे उपप्रमुख होते.

त्या हिवाळ्यात लंडनमध्ये बेकारांसाठी एक निधी उभारण्यात आला होता. त्यातून पूर्व लंडनमधील काही बेकारांना शहराबाहेर जमिनीच्या कामावर पाठवले आणि त्यांच्या कुटुंबांना घरी पैसे पोचवले. या कामात बेव्हरिज यांचा हात होता. हिवाळा संपला, काम संपले. सामान्यतः अशा ठिकाणी किती माणसांना मदत केली याचा अहवाल छापतात, आभार मानतात आणि वही मिटतात. बेव्हरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र त्याच माणसांचा नंतर पुन्हा शोध घेतला. टिकाऊ काम फार थोड्यांना मिळाले होते. बाकीचे पुन्हा पूर्वीच्याच अर्धवट रोजंदारीत जाऊन पडले होते. मदतीचे पैसे खर्च झाले होते, पण माणसे होती तिथेच होती.

मला वाटते, त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचे बी या चौकशीत आहे. बेकार माणूस आळशी असतो, त्याला चार दिवस आधार दिला की तो उभा राहतो, असे तेव्हाचे भले लोक मानत. बेव्हरिज गोदीच्या दारांशी जाऊन पाहू लागले. तेथे रोज सकाळी माणसांची गर्दी उभी राही. मुकादम हव्या तितक्यांना आत घेई आणि उरलेले परत जात. आमच्या आबांना हे सांगावे लागले नसते. कायम होण्यापूर्वी ते चार वर्षे गिरणीत बदली कामगार होते आणि पाळी सुरू होण्याआधी गेटवर असेच उभे राहत.

बेव्हरिज यांनी यातून एक साधा हिशेब मांडला. प्रत्येक गोदीला गर्दीच्या दिवसासाठी जास्तीची माणसे लागतात, म्हणून प्रत्येक गोदी आपल्या दारापाशी आपला वेगळा साठा राखते. एका दारी माणसे जास्त असतात तेव्हा दुसऱ्या दारी ती कमी पडत असतील. पण पहिल्या दारच्या माणसाला ते कळत नाही. सगळ्या दारांचे साठे एकत्र धरले, तर खऱ्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त माणसे अर्धपोटी उभी असतात. हा दोष माणसाचा नाही, काम देण्याच्या पद्धतीचा आहे. यावर उपाय म्हणजे काम आणि कामगार यांची गाठ घालून देणारी एक जागा हवी. १९०९ साली त्यांनी बेकारीवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातच बेकारी हा उद्योगव्यवस्थेचा प्रश्न असल्याचे सांगितले होते.

येथे एक गोष्ट लपवता येत नाही. याच तरुण बेव्हरिज यांनी १९०६ च्या सुमारास असेही लिहिले होते, की जे मुळीच काम करू शकत नाहीत त्यांना सरकारने पोसावे, पण त्यांचे नागरिकत्वाचे हक्क, मतदान आणि बाप होण्याचा हक्कसुद्धा काढून घ्यावा. हे वाचून मी पुस्तक दोन दिवस बाजूला ठेवले होते. मोठ्या माणसाच्या चरित्रातले असे पान फाडून टाकू नये असे मला वाटते. बेकाराचा दोष नाही असे सिद्ध करणाऱ्या माणसालाही काही बेकार नकोसे वाटत होते.

१९०७ मध्ये त्यांनी जर्मनीत जाऊन तेथील रोजगार केंद्रे आणि विमा योजना पाहिल्या. पुढच्याच वर्षी ते चर्चिल यांच्या व्यापार खात्यात नोकरीला लागले. १ फेब्रुवारी १९१० रोजी ब्रिटनमध्ये सरकारी रोजगार केंद्रे उघडली आणि १९११ च्या कायद्याने बेकारी विमा आला. कामगार आणि मालक यांनी आठवड्याला प्रत्येकी अडीच पेनी भरायचे, सरकारने त्यात भर घालायची. काम सुटले तर कामगाराला आठवड्याला ७ शिलिंग भत्ता, तोही वर्षातून जास्तीत जास्त १५ आठवडे. जहाजबांधणी, घरबांधणी, यंत्रकाम अशा निवडक धंद्यांतले सुमारे साडेबावीस लाख कामगार त्यात आले. शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका बाहेर राहिल्या. शेतमजुरांना १९३६ पर्यंत थांबावे लागले. त्यांची शिफारस करणाऱ्या समितीचे अध्यक्ष बेव्हरिजच होते.

या योजनेतली युक्ती अशी होती, की भत्ता आणि काम दोन्ही एकाच खिडकीवर मिळत. काम सुटले की कामगार आपले विम्याचे पुस्तक केंद्रात जमा करी आणि काम लागले की परत नेई. म्हणजे निदान विमा उतरलेला माणूस यादीतून गेला तर तो कामावर गेला, असे समजायला जागा होती.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र ही जागा उरली नाही. १९२१ मध्ये मंदी आली आणि बेकारांची संख्या वीस लाखांच्या वर गेली. सरकारला खर्च झेपेना. तेव्हा आपण खरोखर काम शोधत होतो हे भत्ता मागणाऱ्याने सिद्ध करावे, अशी अट आली. जेथे कामच नव्हते तेथे ते शोधल्याचा पुरावा कोठून आणायचा? ज्यांना तो देता आला नाही त्यांचे भत्ते बंद झाले. १९३१ पासून विम्याची मुदत संपलेल्यांसाठी घरातल्या सर्वांची मिळकत मोजण्याची पद्धत सुरू झाली. मुलगा कमावत असेल तर बापाचा भत्ता कमी होई. म्हणून काही घरांतली कमावती मुले आईबापांना सोडून वेगळी राहू लागली. लग्न झालेल्या पुष्कळ स्त्रियांची नावेही नव्या नियमांनी गळाली. यादी लहान झाली, पण त्या माणसांना काम मिळाले नव्हते. कोणी धर्मादाय मदतीकडे वळले, कोणी भावाच्या अंगावर पडले, कोणी मिळेल त्या फुटकळ कामावर दिवस काढू लागले. यादी सांभाळणाऱ्यांना मात्र एवढेच दिसत होते, की माणूस यायचा बंद झाला.

या काळात बेव्हरिज लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे संचालक होते. १९१९ ते १९३७ अशी अठरा वर्षे त्यांनी ती संस्था वाढवली. आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे, अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९२० मध्ये याच संस्थेत परत गेले, तेव्हा बेव्हरिज तेथे संचालक होते. पुढे १९४५ मध्ये, युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना काम मिळावे म्हणून भारतात सरकारी रोजगार केंद्रे सुरू झाली, त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते.

१९३३ मध्ये हिटलरने ज्यू प्राध्यापकांना नोकऱ्यांवरून काढले. ही बातमी कळताच बेव्हरिज यांनी पुढाकार घेऊन अशा विद्वानांना मदत करणारी संस्था उभी केली आणि त्यांना ब्रिटनमध्ये व इतरत्र कामे मिळवून दिली. नाव कमी झालेला माणूस कुठे जातो, हा त्यांचा जुनाच प्रश्न होता.

१९४१ मध्ये त्यांना एका समितीचे अध्यक्षपद देण्यात आले. विम्याच्या निरनिराळ्या योजनांची नीट मांडणी करायची, असे ते काम दिसायला रुक्ष होते. बेव्हरिज यांना युद्धकाळात कामगारांच्या नियोजनाचे मोठे पद हवे होते. आपल्याला बाजूला सारले म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, असे सांगतात. पण डिसेंबर १९४२ मध्ये त्यांचा अहवाल बाहेर पडला आणि तो विकत घ्यायला लोकांनी रांगा लावल्या. दारिद्र्य, रोगराई, अज्ञान, गलिच्छ वस्ती आणि बेकारी हे वाटेतले पाच राक्षस आहेत आणि पाचांशीही लढले पाहिजे, असे त्यात मांडले होते. बेकारी भत्त्याला मुदत नसावी. मात्र ठरावीक काळानंतरही काम न मिळाल्यास माणसाने प्रशिक्षण केंद्रात जावे, असे त्यांनी सुचवले. भत्त्यातून बाहेर पडणारा माणूस रस्त्यावर न जाता कामावर किंवा शिक्षणाकडे गेला पाहिजे, हा त्यामागचा विचार. १९४४ च्या ग्रंथात तर त्यांनी सांगितले, की काम शोधणाऱ्यांपेक्षा रिकाम्या जागा नेहमी जास्त असल्या पाहिजेत. विवाहित स्त्री नवऱ्यावर अवलंबून राहणार असे त्यांनी धरून चालले, ही या अहवालाची उणीव होती आणि स्त्रियांनी ती तेव्हाच दाखवून दिली.

१९४४ मध्ये ते पार्लमेंटवर निवडून आले आणि १९४५ च्या निवडणुकीत पडले. त्यांचा अहवाल राबवला तो मजूर पक्षाच्या सरकारने. भत्त्याला मात्र मुदत ठेवली. १६ मार्च १९६३ रोजी ऑक्सफर्ड येथे त्यांचे निधन झाले. पुढे १९९६ मध्ये ब्रिटनमध्ये जुना भत्ता जाऊन काम शोधणाऱ्यांचा भत्ता आला. भत्ता सोडणारे जातात कुठे, याची पाहणी तेथील सरकारने २०११ मध्येही केली. कोणी कामावर, कोणी दुसऱ्या भत्त्याकडे, तर कोणी यांपैकी कुठेच नाही, असेच उत्तर पुन्हा मिळाले.

आमच्या बाबांनी बारावीनंतर सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवले होते. ते कार्ड अजून घरात आहे. दर तीन वर्षांनी नूतनीकरण करावे लागे. दोनदा त्यांनी ते एस.टी.चे भाडे खर्चून केले. तिसऱ्या वेळी पेरणीचे दिवस होते, जाणे राहिले आणि नाव गेले. त्या दिवशी जिल्ह्याच्या कागदावर एक बेकार कमी झाला. बाबा तेव्हा दुसऱ्याच्या विहिरीवर खोदाईला जात होते.

आबा गेल्या पावसाळ्यात वारले. त्यांच्याबरोबर संपानंतर आमच्या गावी परत आलेले सात जण होते, असे आजी सांगते. दिवाळीच्या सुट्टीत मी एक वही केली आणि त्या सातही घरी जाऊन आले. दोघे शेतमजुरीला गेले होते, एकाने भाजीची गाडी लावली, एकजण पुन्हा मुंबईला जाऊन रखवालदार झाला. एकाने दारूत जीव घालवला. एकाची बायको धुणीभांडी करून घर चालवीत होती आणि तो स्वतः घराबाहेर पडत नव्हता. सातव्याचा पत्ता त्याच्या घरच्यांनाही नाही. वहीत मी तसेच लिहिले आहे.

सात माणसांची वही म्हणजे संशोधन नव्हे, हे मला कळते. पण बेव्हरिज यांचीही सुरुवात एका हिवाळ्यातल्या थोड्या माणसांपासूनच झाली होती. आपल्या कॉलेजात गिरणी कामगारांची नातवंडे पुष्कळ असतील. प्रत्येकाने आपल्या गावापुरती अशी एकेक वही भरली, तर पुढच्या वर्षीच्या अंकात आपण सर्व मिळून त्याविषयी लिहू शकू. वह्या ठेवायला ग्रंथालयात एक कपाट देण्याचे आमच्या सरांनी कबूल केले आहे.