गावचा दवाखाना जिल्हा परिषदेकडे का? उत्तर यशवंतरावांच्या एका निर्णयात

आंदर मावळात रात्री कुणाला साप चावला, तर आधी गाठायचे ते प्राथमिक आरोग्य केंद्र. तिथे डॉक्टर नसेल, सर्पदंशाची लस संपली असेल, तर जाब कुणाला विचारायचा? लोणावळा शहराचा कारभार नगरपरिषदेकडे आहे. पण मावळातील गावांची आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेकडे आहेत. ही व्यवस्था यशवंतराव चव्हाण यांच्या काळातली.

प्लेगने वडील हिरावले

यशवंतरावांचा जन्म १२ मार्च १९१३ रोजी देवराष्ट्रे येथे झाला. वडील कराडच्या कोर्टात बेलिफ होते. यशवंतराव लहान असतानाच प्लेगने वडील गेले. आई विठाबाईंनी हालअपेष्टा सोसून मुले वाढवली. पुढे थोरले बंधू गणपतराव क्षयाने गेले. आजारात माणूस गमावणे म्हणजे काय, हे या घराने जवळून पाहिले होते.

आमदार ते मुख्यमंत्री

१९४६ मध्ये ते मुंबई विधानसभेवर निवडून आले. १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्याचे आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी त्यांच्या सरकारने वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. केंद्राच्या बलवंतराय मेहता समितीचा भर गट पातळीवर होता. महाराष्ट्राने जिल्हा परिषद बळकट करण्याचा मार्ग धरला. १९६१ मध्ये कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. शाळा, रस्ते यांच्यासोबत ग्रामीण आरोग्यही त्यांच्याकडे आले. दवाखान्याच्या तक्रारीसाठी आता मुंबई गाठण्याची गरज नव्हती. गावाने निवडून दिलेला सदस्य जबाबदार ठरला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. २५ नोव्हेंबर १९८४ रोजी त्यांचे निधन झाले.

रुग्णवाहिकेचे काय?

दवाखाना जवळ आला, तरी तिथे पोहोचायचे कसे, हा प्रश्न उरलाच. १०८ क्रमांकाची मोफत सेवा महाराष्ट्रात २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. जिल्हा परिषदा येऊन तोवर अर्धशतक उलटले होते. शिवाय ही सेवा राज्य सरकारची आहे, जिल्हा परिषदेची नाही.

तक्रार कुठे करायची?

केंद्रात डॉक्टर किंवा औषध नसेल, तर तालुका आरोग्य अधिकारी आणि जिल्हा परिषद. १०८ची गाडी उशिरा आली, तर राज्याचा आरोग्य विभाग. रुग्णासाठी मात्र दोन्हीकडचा उशीर एकच असतो.